क्योटोत आई काय जेवणार?

आई-बाबा मिरजेहून जपानला येणार हे ठरलं तेव्हा टोकियोची मला काळजी नव्हती. मी निशी-कासाईत राहते. एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे इथल्या भारतीयांचं गावच. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं चालत जाऊन आणता येतं. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, तेव्हा मराठी माणूस इथे नवा राहिलेला नाही. धाकधूक होती ती क्योटोच्या चार रात्रींची.

आई अंडंसुद्धा खात नाही, आणि ऑक्टोबर म्हणजे चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूणही वर्ज्य. बाबांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. जमिनीवर बसता येत नाही, उंच पायरी चढवत नाही. दोघांनाही इंग्रजी बेताचं. त्यात आम्ही निवडलेले दिवस गर्दीचे. दर वर्षी २२ ऑक्टोबरला क्योटोत जिदाइ मात्सुरिची मिरवणूक निघते, शहराच्या हजारएक वर्षांच्या इतिहासातले पोशाख घालून माणसं चालतात. आईला ती पाहायचीच होती. २०२४ हे वर्षही असं की जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, आणि त्यातले निम्मे क्योटोतच उतरलेत की काय असं तिथल्या बसमध्ये शिरल्यावर वाटायचं.

मुक्कामाचा शोध मी ऑगस्टमध्ये सुरू केला. मनात माचिया होती. माचिया म्हणजे क्योटोची जुनी लाकडी घरं, रस्त्याकडे अरुंद तोंड आणि आत लांबच लांब. तिथले लोक त्याला ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. अशी पुष्कळ घरं आता पाहुण्यांना भाड्याने देतात. फोटो इतके सुंदर की मी दोन दिवस तेच बघत बसले. मग एका फोटोत जिना दिसला. जिना कसला, माळ्यावर चढायची शिडीच ती. वर ताताम्यांवर, म्हणजे गवती चटयांवर, फुतोन, म्हणजे गादी जमिनीवर. बाबांना तिथून उठवायला दोन माणसं लागली असती. माचियाचा विचार तिथेच सोडला.

घरगुती मुक्कामाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र या शोधात कळली ती सांगून ठेवते. जून २०१८ पासून जपानात घर भाड्याने देण्यासाठी नोंदणी लागते आणि वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसच ते देता येतं. क्योटोने याहून कडक नियम केलेत. निवासी भागात असा मुक्काम सर्वसाधारणपणे फक्त जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणून ऑक्टोबरात निवासी गल्लीतलं घर स्वस्तात दिसलं की आधी तिथे नोंदणी क्रमांक दिलाय का आणि परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते बघायचं. आई-बाबांना घेऊन दारात उभं राहिल्यावर ‘आरक्षण रद्द’ ऐकायची माझी तयारी नव्हती.

नंतर वळले बिझनेस हॉटेलांकडे. इथे खोलीचं भाडं पुष्कळदा माणशी सांगतात, खोलीचं म्हणून नाही. आपल्याकडची सवय असेल तर हिशोब चुकतो. वर क्योटोचा मुक्काम-कर, तेव्हा २० हजार येनांच्या आतल्या भाड्याला माणशी रोज २०० येन. खोल्या तेरा-चौदा चौरस मीटरच्या, बॅग उघडायची तर पलंगावर. ‘सेमी-डबल’ दोघांसाठी देतात, पण पलंग असतो १२० सेंटिमीटरचा. मला खरं अडवलं ते न्हाणीघराने. या हॉटेलांतली न्हाणी एकाच प्लास्टिकच्या साच्यातून काढल्यासारखी असते, आणि तिच्या दाराशी चांगला वीतभर उंच उंबरठा असतो. रात्री झोपेत उठून बाबा तो ओलांडणार कसे? संकेतस्थळावरच्या शंभर फोटोंत पलंग दिसतो, खिडकी दिसते, नाश्त्याची टेबलं दिसतात. उंबरठा कुणी दाखवत नाही.

मग फोन सुरू केले. एका जुन्या रयोकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या खाणावळ-धर्मशाळेत, पलंग असलेली तळमजल्याची खोली होती. पलीकडच्या बाई छान बोलत होत्या. नावं सांगायची वेळ आली, मी आमची आडनावं सांगितली आणि आवाज बदलला. ‘पाहुणे परदेशी आहेत का?’ हो म्हटलं. ‘आमच्याकडे इंग्रजी येत नाही, गैरसोय होईल.’ मी म्हटलं, मी बरोबर आहे, आत्ता आपण जपानीतच बोलतोय. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा माफी. तिसऱ्यांदा विचारलं नाही. जपानच्या रयोकान कायद्यात पाहुण्याला नाकारायची कारणं ठरवून दिलेली आहेत आणि परदेशी असणं हे त्यातलं कारण नाही, हे मला माहीत होतं. पण जिथे माझ्या आईवडिलांचं येणं कुणाला ओझं वाटतंय, तिथे कायदा दाखवून त्यांना मी ठेवणार नव्हते. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. मिरजेत दारात आलेल्याला पाणी न विचारता पाठवत नाहीत, आणि त्याच घरातल्या माणसांसाठी मी दार शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली. तोवर मी सगळीकडे एकच विचारत होते, ‘परदेशी पाहुणे चालतील का, शाकाहारी सोय आहे का?’ त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि दोन्ही उत्तरांतून काही कळत नाही. आता जपानीत सात ओळींचं पत्र लिहिलं. आम्ही तिघं कोण, बाबांचा गुडघा, पलंग हवा, न्हाणीच्या दाराशी किती उंच पायरी आहे ते कृपया मोजून सांगा, आणि आई काय खाते त्याची यादी. काय खात नाही ते शेवटी एका ओळीत. हे पत्र आठ ठिकाणी पाठवलं.

तीन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. दोघांनी छापील माहिती पाठवली. दोघांनी खोली नाही म्हणून कळवलं. आठव्या ठिकाणाहून, गोजोच्या बाजूच्या एका छोट्या गेस्टहाऊसमधून, पत्र आलं, आणि त्यात उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त होते. पायरी १२ सेंटिमीटरची आहे, लाकडी चौरंग ठेवून निम्मी करता येईल, चालेल का? वडील खुर्चीतून उठताना कोणत्या हाताचा आधार घेतात? आमच्या संडासातला दांडा उजव्या हाताला आहे. आईंना दूध चालतं का? मासा उकळून काढलेलं पाणी चालतं का? नाश्ता देता येणार नाही, कारण आमच्या सूपमध्ये मासा असतो. पण स्वयंपाकघर वापरा. एक पातेलं मात्र वापरू नका, त्यात माशाचा अर्क करतो; त्याच्या कानाला लाल पट्टी लावून ठेवीन.

हे पत्र मी आईला फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. लाल पट्टीचं ऐकून ती म्हणाली, ‘बाई शहाणी आहे. इथेच राहू.’ त्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजीची दोन वाक्यं होती, आणि तीही चुकलेली.

टोकियोहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांत क्योटो. ओकामिसान, म्हणजे घराची मालकीण, दारातच उभ्या होत्या. पासपोर्ट घेतले, कोपऱ्यातल्या छोट्या यंत्रावर प्रती काढल्या. जपानात पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवायची हा २००५ पासूनचा नियम आहे. माझा पत्ता टोकियोचा, त्यामुळे मला फक्त तो लिहावा लागला. बाबा खोलीत गेले, चौरंगावर पाय देऊन न्हाणीत उतरून आले आणि म्हणाले, ‘झकास.’ संडासात पाण्याचा फवारा असतो याचा आनंद त्यांना टोकियोतच झाला होता, इथे दांड्याचा झाला.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. रस्त्यावर एका उपाहारगृहाबाहेर इंग्रजीत मोठी पाटी होती, शाकाहारी पदार्थांना हिरवं पान काढलेलं. मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, शाकाहारी ना? तो हसून हो म्हणाला. भाज्या घातलेला उदोन, म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या जाड शेवया, आला, आईला आवडला. निम्मा वाडगा संपल्यावर मला राहवलं नाही म्हणून विचारलं, रस्सा कशाचा? ‘कात्सुओ,’ तो सहज म्हणाला. बोनिटो मासा. आईने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, तोंड पुसलं. एक शब्द बोलली नाही. रात्री एक केळं आणि दूध.

त्या मुलाने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. जपानी स्वयंपाकात दाशि हा पदार्थ मोजलाच जात नाही. आपण भाजीत पाणी घातलं हे जसं वेगळं सांगत नाही, तसं. बोनिटो उकडून, धुरावर पुन्हा पुन्हा सुकवून लाकडासारखा कडक करतात, किसतात, तो कीस म्हणजे कात्सुओबुशि. गरम पाण्यात मिनिटभर ठेवून गाळला की दाशि तयार. मिसो सूप, भाजीचा रस, तेम्पुरासोबतचा सॉस, तळलेल्या तोफूवर ओतलेलं पाणी, सगळीकडे तो असतो. त्या तोफूवर कधी कधी कीस वरूनही घालतात आणि वाफेने तो जिवंत असल्यासारखा हलतो. तो निदान दिसतो तरी. गाळलेला दिसत नाही. आणि पाकिटांवरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबून राहू नये. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा सांगणं सक्तीचं आहे, बोनिटो त्या यादीत नाही. तो शोधायचा तर घटकांची बारीक अक्षरं वाचायला हवीत.

ती अक्षरं मी त्या रात्री आईला शिकवली. माशाचं अक्षर ओळखायला सोपं, त्याच्या तळाशी चार थेंब असतात. मांसाचं अक्षर म्हणजे दाराची चौकट आणि आत एकावर एक दोन माणसं. दुसऱ्या दिवशी कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, आई चष्मा कपाळावर चढवून ओनिगिरीची, म्हणजे भाताच्या गोळ्यांची, पाकिटं पालथी करून बघत होती. उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट आलुबुखारसारख्या फळाची ओनिगिरी बिनधास्त घ्यावी असं सगळे सांगतात. आईनेच दाखवलं, ‘हे बघ, चार थेंब.’ नुसत्या मिठाच्या भाताची तेवढी निर्धोक निघाली.

क्योटो स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यावर पर्यटन माहिती केंद्र आहे, तिथल्या मुलीनेही मला हेच सांगितलं. शाकाहारी ठिकाणांची यादी तिने दिली आणि पेनाने वर लिहिलं, ‘दाशि वेगळी विचारा.’ त्या यादीपेक्षा ती ओळ मोलाची. मी पोस्टकार्डाएवढा एक कागद तयार केला. ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन. कोम्बु तो शिइताके नो दाशि वा दाइजोउबु देसु.’ मांस-मासे खात नाही, बोनिटोचा अर्कही नाही, समुद्री शेवाळाचा आणि शिइताके अळिंबीचा चालतो. खाली अंडं, कांदा, लसूण, पात.

हा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी एका गल्लीतल्या उदोनच्या दुकानात शिरलो. सहा खुर्च्या, एकही इंग्रजी अक्षर नाही. सत्तरीचे आजोबा एकटेच काम करत होते. कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी तो दोनदा वाचला, आणि दोन्ही हात छातीशी आडवे-उभे धरून फुली केली. नाही. मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, पण ते आत गेले आणि उशीएवढी प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिचं तोंड उघडून आईसमोर धरली. आत फिकट गुलाबी पापुद्रे, लाकडाच्या भुशासारखे, आणि धुराचा भपकारा. माझ्याकडे एवढंच आहे, असं ते आईला जपानीत सांगत होते, जणू तिला सगळं कळतंय. तिला कळलंही. तिने हात जोडले.

आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाक मारली. किती दिवस आहात? परवा या. आज भिजवून उपयोग नाही, कोम्बु चांगला रात्रभर पाण्यात राहायला हवा. अकराला, गर्दीच्या आधी.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘त्यानं हो म्हटलं असतं तर मी खाल्लं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं.’ एवढं बोलून ती चालू लागली.

मला त्या फुलीचा विचार करावा लागला, कारण फोनवरच्या बाईंचा नकार अजून मनात होता. क्योटोत नकाराचे प्रकार आहेत. गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या काही जुन्या चहाघरांत ‘इचिगेन-सान ओकोतोवारि’ अशी रीत आहे, ओळखीशिवाय पहिल्यांदा येणाऱ्याला प्रवेश नाही. तो नियम टोकियोच्या जपान्यालाही लागू. बिल मागाहून पाठवतात, आणि पाहुण्याने काही बिघडवलं तर आणणाऱ्याने निस्तरायचं, म्हणून. ते मला समजतं. भाषेचं निमित्त करून आडनावालाच नकार देणं, ते समजलं तरी पटत नाही. आणि आजोबांचा नकार तिसऱ्याच जातीचा. तुमच्या पोटात काय जाईल त्याची जबाबदारी माझी आहे, म्हणून आज नाही.

मधल्या दिवशी अराशियामाला गेलो. तेन्र्यूजि हे १३३९ मध्ये स्थापन झालेलं झेन मंदिर, आणि त्याच्या आवारातच शिगेत्सु नावाचं शोजिन र्योरिचं ठिकाण आहे. शोजिन र्योरि म्हणजे बौद्ध भिक्षूंचा स्वयंपाक. मांस-मासा नाही, आणि लसूण-कांद्यासारखे उग्र वासाचे कंदही नाहीत. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. ‘म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मास?’ लाल लाखेच्या वाडग्यांत तिळाचं तोफू, शिजवलेला भोपळा, लोणचं, भात. तिळाच्या तोफूत सोयाबीन नसतं, तिळाचं वाटण आणि कुझु नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व आटवून ते थापतात. आईने एक घास बराच वेळ जिभेवर ठेवला आणि सांगितलं, ‘हे घोटताना हात भरून येत असणार.’ स्वयंपाक करणाऱ्या बाईची दाद आहे ती. जपानी जेवणातला तो तिचा पहिला निर्धास्त घास.

संध्याकाळी गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात आम्ही मेतकूट-भात केला. आईने मिरजेहून तवा आणला होता, पण शेगडी इंडक्शनची, त्यावर ॲल्युमिनियम तापत नाही. ओकामिसाननी लोखंडी कढई काढून दिली. लाल पट्टीचं पातेलं फडताळात एकटंच वेगळ्या फळीवर होतं.

२२ तारखेला सव्वाअकराला आजोबांकडे पोचलो, कारण बाबांना चालायला वेळ लागला. आजोबा दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे बघत होते. आत गेल्यावर त्यांनी काचेचं भांडं दाखवलं, तळाशी फुगलेल्या कोम्बुच्या रुंद पट्ट्या आणि पाणी हलकं सोनेरी. कोम्बु होक्काइदोचा, पूर्वी जहाजांनी यायचा, आणि क्योटोचं पाणी मऊ म्हणून त्याची चव इथे नीट उतरते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा आईकडे बघून भाषांतराची वाट पाहिली. मग विचारलं, मिरिन, म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोडसर दारू, चालेल का? पूर्वी एका मुस्लिम कुटुंबाने मद्याचा अंश म्हणून नको सांगितलं होतं, तेव्हापासून ते विचारतात. आईने ‘तांदळाचंच ना, आणि उकळतात ना?’ असं विचारून मान हलवली.

क्योटोचा उदोन पातीशिवाय सहसा येत नाही, कुजो पात ही इथली शान. आमच्या तिन्ही वाडग्यांत पात नव्हती. जागी युझु लिंबाच्या सालीचा नखाएवढा पिवळा तुकडा. बाबांना पात चालली असती, पण त्यांनी मागितली नाही. आईने वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा शेवटपर्यंत प्यायला, आणि तळ दिसल्यावर आजोबांना वाडगा तिरका करून दाखवला. त्यांनी पैसे नेहमीच्या उदोनचेच घेतले. दुपारी आम्ही मिरवणूक पाहिली, बाबांना घडीची खुर्ची ओकामिसाननी दिली होती.

निघायच्या सकाळी मी हिशोब चुकता करत होते तेव्हा ओकामिसाननी तो कागद मागितला. भिजून, घडी पडून त्याचे कोपरे मऊ झाले होते. त्यांनी तो तळहाताने सपाट केला, ज्या यंत्रावर आई-बाबांचे पासपोर्ट ठेवले होते त्याच काचेवर पालथा घातला आणि विचारलं, ‘दहा प्रती काढू का? त्यातल्या चार त्या उदोनवाल्या आजोबांकडे देऊन येईन.’